कूलर घाटावरच ठेवून या : कोकणातला पहिला उन्हाळा काढणाऱ्यांसाठी

बदलीचं सामान टेम्पोतून उतरत होतं आणि शेजारच्या काकी गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून, शांतपणे बघत होत्या. कपाट उतरलं, शिलाई मशीन उतरलं, काकी गप्प. कूलर उतरला तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "बाईनू, ह्यो कित्याक हाडलात? हय ह्येचो काय्येक उपयोग नाय."

मी अकोल्याची. पंचेचाळीस अंशांत ज्या कूलरसमोर बसून माझं शिक्षण झालं त्याची अशी वासलात लावलेली मला आवडली नाही. मी तो लावला. चौथ्या दिवशी उशीला कुबट वास, आठव्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरला बुरशी, आणि खोलीत शिरलं की ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं. आता मी त्या कूलरमध्ये कांदे ठेवते. तिन्ही बाजूंनी वारा लागतो, छान टिकतात.

ही गोष्ट आधी सांगितली कारण नव्या माणसाची पहिली चूक हीच असते: तो घाटावरचा उन्हाळा सोबत घेऊन येतो. शिक्षक, बँकेतले, नर्सबाई, निवृत्त होऊन गावच्या घरात राहायला आलेले, मे महिन्यात मुलाबाळांना घेऊन येणारे चाकरमानी, सगळ्यांना मी चौदा वर्षं हेच सांगत आले आहे. आता एकदा सविस्तर लिहून ठेवते.

पायरी पहिली : आकड्याला फसू नका

मोबाइलवर ३३ अंश दिसतात आणि विदर्भातला, सोलापूरचा माणूस हसतो. पण शरीर थंड होतं ते घाम आल्याने नाही, तो सुकल्याने. इथली हवा आधीच पाण्याने भरलेली, त्यामुळे घाम येतो, वाहतो, कपडे भिजवतो, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असली की अंगाला ते ४१ अंशांसारखं लागतं. कूलर इथे का चालत नाही आणि माठातलं पाणी अकोल्याइतकं गार का होत नाही, याचंही कारण हेच. म्हणूनच हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना सपाट प्रदेशाला ४० अंशांची अट लावतं आणि किनारपट्टीला ३७ ची. त्यासोबत पारा नेहमीपेक्षा किमान ४.५ अंशांनी वर असावा लागतो.

आणखी एक. सगळं कोकण सारखं नाही. समुद्राकाठी दुपारी खारा वारा सुटतो आणि जीव वाचवतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना तो उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली आणि त्या आकड्यावर बरीच चर्चाही झाली. मार्चमध्ये काही दिवस पूर्वेकडचा कोरडा वारा जोर धरतो, खारा वारा दुपार कलेपर्यंत अडून राहतो, आणि किनाऱ्यावरसुद्धा पारा एकदम चढतो. म्हणून मला मेपेक्षा मार्चची जास्त धास्ती वाटते. मार्चमध्ये कुणी सावध नसतं.

पायरी दुसरी : पहिले पंधरा दिवस दमाने घ्या

नव्या हवेला सरावायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात ते लवकर घाम आणायला आणि घामातून कमी मीठ सोडायला शिकतं. हे शिक्षण कुणालाच चुकत नाही, तरुणालाही नाही. पहिल्या दिवशीच सामान लावणं, बाग साफ करणं, गडावर जाणं असं काही काढू नका. अंगमेहनतीचं काम असेल, म्हणजे चिरेखाणीवर, बांधकामावर किंवा आंब्याच्या बागेत, तर पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्श्याएवढंच करा आणि रोज थोडं वाढवा. तुम्ही मालक असाल तर नव्या गड्याला हे तुम्हीच सांगायचं. तो स्वतःहून म्हणणार नाही.

गावाचं वेळापत्रक बघा. आंबे उतरवणारे उजाडताच झेला घेऊन झाडावर चढतात आणि अकराच्या आत खाली येतात. बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही नसतं. नवीन असताना मला हा आळस वाटायचा.

पायरी तिसरी : घर

जांभ्याचं, कौलारू, पडवी-माजघराचं जुनं घर भाड्याने मिळालं तर स्लॅबच्या घराकडे बघूही नका. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते तुमच्या अंगावर ओततो. स्लॅब किंवा पत्राच नशिबी आला असेल तर त्यावर झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, टाकून घ्या. विणून देणारे अजून मिळतात, फेब्रुवारीतच सांगून ठेवावं लागतं. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मांडव असेल तर समोरची भिंत तापत नाही.

खिडक्या समोरासमोर उघडा. विदर्भात आपण दुपारी दारं-खिडक्या गच्च लावून अंधार करतो, इथे तसं केलं तर गुदमरायला होतं. उन्हाची बाजू पडद्याने झाका, पण वारा अडवू नका. पंखा इथे खरा उपयोगी: अंग ओल्या पंचाने पुसायचं आणि पंख्याखाली बसायचं. एसी असेल तर २६-२७ वर ठेवला तरी पुरतो, कारण त्याचं निम्मं काम हवेतली ओल काढण्याचं असतं.

वीज जाते. हे गृहीत धरून इन्शुलिन घेणाऱ्यांनी सोय करावी. मोठ्या मडक्यात वाळू आणि पाणी, त्यात छोटं मडकं, छोट्या मडक्यात प्लास्टिकच्या डब्यात कुपी, वरून ओलं फडकं, आणि सगळं वाऱ्याच्या जागी. दमट हवेत ते फ्रीजसारखं गार होत नाही, पण उघड्या फडताळापेक्षा बरं. फ्रीज असेल तर दाराच्या कप्प्यात ठेवा, बर्फाजवळ नको. गोठलेलं इन्शुलिन वाया जातं.

पायरी चौथी : काय प्यायचं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोकणात प्यायला इतकं काही आहे की नवा माणूस गोंधळतो आणि शेवटी बाटलीबंद थंड पेयावर येतो.

कोकमाचे तीन प्रकार नीट ओळखा. आमसूल म्हणजे रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, वाळवलेली सालं. आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला दाट रस. अमृत कोकम म्हणजे साखरेच्या पाकातलं. रंग सारखाच, बाटल्या सारख्याच, आणि दुकानदार दोन्हीला "कोकम" म्हणतो. रक्तदाबवाल्यांना आगळाचं मीठ बाधतं, मधुमेहींना अमृत कोकमातली साखर. म्हणून घरात पाव्हणा आला तर आधी विचारते आणि मगच बाटली उघडते. सगळ्यांना चालणारं म्हणजे दोन-चार आमसुलं पाण्यात भिजवून, कुस्करून, त्यात चिमूटभर मीठ आणि जिरेपूड. सोलकढी उत्तम, पण तिच्यात नारळाचं दूध असतं. सकाळी केलेली सोलकढी संध्याकाळी पिऊ नका, उन्हाळ्यात ती दोन-तीन तासांत संपवायची गोष्ट आहे.

शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. खूप घाम गेला असेल तर शहाळ्यासोबत काहीतरी मिठाचं खा. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय रोज शहाळं पिऊ नये. "नैसर्गिक आहे, काय होतंय" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही.

आणि पेज. उकड्या तांदळाची, पातळ, वरून मीठ, बाजूला लोणच्याची फोड किंवा चुलीत भाजलेला सुका बांगडा. पहिल्या वर्षी काकींनी दिली तेव्हा मी आजाऱ्याचं जेवण म्हणून नाक मुरडलं होतं. आता मार्च ते जून सकाळी साडेदहाला शाळेच्या मधल्या सुट्टीत मी डब्यातून पेजच पिते. पाणी, मीठ आणि पोटाला आधार, तिन्ही एका वाटीत.

जुलाब-उलट्या झाल्या किंवा घाम फार गेला की ओआरएस. पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. एका पेल्यात थोडी पुडी, उरलेली नंतर, असं करणारे खूप आहेत आणि लहान मुलांना त्याने अपायच होतो, कारण मिठाचं प्रमाण बिघडतं. तयार केलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर फेका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरायचा नाही. मेडिकलमध्ये फळांच्या चवीच्या गोड खोक्यांवर पूर्वी ओआरएस असं लिहिलेलं असायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ते नाव छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी पुडी घेताना मागचं वाचा.

आता पाणी. एप्रिल संपता संपता विहिरींचा तळ दिसू लागतो आणि जे उरतं ते गढूळ असतं. कावीळ आणि जुलाबाची साथ नेमकी तेव्हाच येते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, पण तो कधी टाकतो ते आपण विचारत नाही. विचारा. पिण्याचं पाणी खदखदून उकळा, त्याच भांड्यात झाकून गार करा, आणि ओगराळ्याने घ्या. हात बुडवून घेतलेल्या पाण्याला उकळून काय फायदा? टँकरचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी उकळायचंच.

किती प्यावं, याचा आकडा मी देत नाही. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टरांनी माप घालून दिलेलं असतं, तेच त्यांचं. बाकीच्यांनी लघवीचा रंग बघावा: फिकट असेल तर ठीक, गडद पिवळा झाला तर तुम्ही मागे पडलात.

पायरी पाचवी : घरात कोण कोण आहे

सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी द्यायचं नाही. ग्राइप वॉटर नाही, शहाळं नाही, मध नाही. आईचं दूध, वरचेवर. आजी म्हणेल, "घसा सुकला असेल गं." आजीला आदराने बसवा आणि बाळ आईकडे द्या. पाणी खरं आईला हवं असतं, तिला द्या. बाळाला सुती झबलं पुरे. टोपडं, मोजे, दुपटं हे सगळं डिसेंबरसाठी.

मुलांना दुपारी घरात कोंडणं अवघड, हे मान्य. मी वर्गात एक करार करते: अकरा ते चार सावली. त्या वेळात माडाखाली नको, फणसाखाली चालेल (नारळ डोक्यात पडतो, फणस निदान दिसतो तरी). पाण्याची बाटली गळ्यात, आणि तहान लागायची वाट न बघता खेळ थांबवून घोट. गाडीत मूल एकटं सोडायचं नाही, "पाच मिनिटांत आलो" म्हणूनही नाही. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते.

गरोदर बाईने बारानंतर विहिरीवर जाऊ नये आणि हंडा तर उचलूच नये. डोकं दुखणं, चक्कर, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काही झालं तर उन्हाचं आहे म्हणून बसू नका, दवाखान्यात जा.

म्हातारी माणसं हा खरा काळजीचा विषय. त्यांना तहान कमी लागते, घाम उशिरा येतो, आणि बऱ्याच जणांना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतात. माझे सासरे तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये आले. अकोल्याचा माणूस, ३५ अंशांना काय भिणार? बाराच्या सुमारास टेकडीवरच्या देवळात निघाले. तिसाव्या पायरीवर खाली बसले. चेहरा पांढराफटक, सदरा पिळून घ्यावा इतका ओला, पोटरीत गोळे, पण बोलत होते नीट. आम्ही त्यांना पुजाऱ्यांच्या ओटीवर आडवं केलं, पाय उशीवर, सदरा काढला, ओले पंचे अंगावर, वरून पंखा, आणि घोटाघोटाने साखर-मिठाचं पाणी. चाळीस मिनिटांनी ते उठून बसले आणि चहा मागितला. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी उन्हाळ्यापुरता गोळीचा डोस बदलून दिला. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पण मार्च लागला की डॉक्टरांना "उन्हाळ्यात हा डोस तोच ठेवू का?" एवढं विचारायचं.

एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरात दिवसातून दोनदा डोकावा. कोकणातली कितीतरी घरं अशीच आहेत, मुलं मुंबईत आणि म्हातारी माणसं पडवीत.

पायरी सहावी : उष्माघात ओळखा

सासऱ्यांना झाला तो थकवा होता, उष्माघात नव्हता. फरक डोक्यात असतो. माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळख चुकली, चालताना झोकांड्या गेल्या, झटका आला किंवा शुद्ध हरपली, आणि अंग तापून लाल, तर तो उष्माघात समजा. आतलं तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. मी सरळ विचारते: नाव काय, आज वार कोणता? उत्तर चुकलं की घड्याळ सुरू.

"घाम येतोय ना, मग उष्माघात नाही" असं अजून पुष्कळ लोक मानतात. कोरडी त्वचा हे लक्षण कोरड्या उन्हातलं आणि म्हाताऱ्यांतलं. काम करताना, खेळताना उष्माघात झाला तर अंग घामाने निथळत असू शकतं. आपल्याकडे तर बहुधा असंच.

काय करायचं ते या क्रमाने:

१. १०८ ला फोन लावा. गाव, वाडी, जवळची खूण आणि रस्त्याला माणूस उभा करतोय हे सांगा. वाड्या आडबाजूला असतात, रुग्णवाहिका चुकते.
२. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा किंवा काढा.
३. डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत. विहीर जवळ असेल तर कळशीमागून कळशी. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही.
४. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका. एका कुशीवर वळवा.
५. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप त्याने उतरत नाही.

खिशातल्या कांद्याने काही होत नाही. माझे कांदे कूलरमध्येच बरे.

रायगड जिल्ह्यात खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर दुपारच्या एका मोठ्या सोहळ्यात लोक तासन्‌तास उघड्यावर बसले होते आणि त्यात १४ जणांचा जीव गेला. पारा ३८ च्या आसपास होता. लग्न, जत्रा, पूजा, प्रचारसभा, काहीही असो, दुपारची वेळ आणि मांडव नाही असं निमंत्रण आलं तर मी संध्याकाळी जाऊन भेट देऊन येते. रागावतात, पण पुढच्या वर्षी मांडव घालतात.

पायरी सातवी : कातडी

घामोळं सगळ्यांना येतं. दोनदा गार पाण्याने अंघोळ, सैल सुती कपडे, अंग कोरडं, पुरे. पावडरचे थर लावू नका, घामात ती चिकटून छिद्रं बुजवते. जांघेत, काखेत गोल, कडेने लाल, खाजरा चट्टा आला तर तो नायटा. मेडिकलमधून "मिक्स" मलम आणू नका. त्यात स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग चट्टा दुप्पट होऊन येतो. अंतर्वस्त्रं कडक उन्हात वाळवा, टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा. कपडे अर्धवट ओले घालायची सवय इथे फार लवकर लागते. लावून घेऊ नका.

पायरी आठवी : आंबा, काजू, मासे

हापूस पिशवीतून काढून थेट तोंडाला लावू नका. देठाशी चीक असतो, ओठ उततात. देठ काढा, चीक गळू द्या, अर्धा तास पाण्यात ठेवा. अढीतला, गवतात पिकलेला आंबा घ्या. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे.

ओल्या काजूगरांची उसळ म्हणजे मार्च-एप्रिलचं सुख. पण बिया सोलायला बसाल तर आधी हाताला खोबरेल चोपडा. मी पहिल्या वर्षी हौसेने शंभर बिया उघड्या हातांनी सोलल्या. सालीतलं तेल तेव्हा नुसतं चिकट वाटलं. दुसऱ्या दिवशी बोटं काळी पडली, चौथ्या दिवशी कातडी सापाच्या कातीसारखी निघायला लागली, आणि आठवडाभर खडू धरता येईना. मुलं अंगणात काजू भाजतात तेव्हा तेल फटकन उडतं. त्यांना लांब ठेवा, डोळे विशेष सांभाळा.

मासे सकाळी घ्या आणि बर्फातले घ्या. कल्ले लाल, डोळे टपोरे, बोट दाबलं तर खड्डा राहू नये. बांगडा, तारली, कुपा हे मासे उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. जेवल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा लाल, अंगावर गांधी, डोकं ठणकणं असं झालं तर तुम्हाला माशाची ॲलर्जी आहेच असं नाही, मासा तापलेला असू शकतो. श्वास लागला तर मात्र ताबडतोब दवाखाना.

पायरी नववी : दर्या, विहीर आणि कोंड

उकडतं म्हणून पाण्यात उतरणं साहजिक आहे. पण समुद्र हा स्विमिंग पूल नाही आणि मुंबई-पुण्याचा पोहणारा इथला पोहणारा नाही. रायगडमधल्या मुरूडला १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, ते सगळ्यांना आठवत असेल.

भरती-ओहोटीचं गणित मोबाइलशिवाय येतं. तिथीला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार: पावणेचारच्या सुमाराला भरती, पहाटे आणि दुपारीही. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजा. पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून थोडं जास्त, इकडेतिकडे होतं, पण अंदाज येतो. भरतीनंतर साधारण सहा तास पाणी उतरतं, त्याला इथे सुकती म्हणतात. म्हणजे पंचमीच्या संध्याकाळी पाच वाजता, जेव्हा सगळे पर्यटक पाण्यात धावतात, तेव्हा पाणी माणसाला आत ओढत असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ आणखी वाढते.

गुडघ्यापुढे जाऊ नका. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे तर पाऊलही नको. लाटांच्या रांगेत मधेच एक पट्टा शांत दिसला तर तिथे जावंसं वाटतं. तोच पाणी आत नेणारा ओढा असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की मग बाहेर या. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी नको, दोरी, रिकामा कॅन, ओढणी, जे हाती येईल ते टाका. मेच्या अखेरीला दर्याचा रंग बदलतो, जलक्रीडा बंद होतात, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते. ज्या दर्यात खारवी जात नाही तिथे आपण कशाला?

पायाला पाकट माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा तास बुडवा, वेदना उतरते, आणि मग डॉक्टर.

विहिरी आणि नदीचे कोंड, म्हणजे खोल डोह, समुद्राइतकेच मुलांचे बळी घेतात. बिनकठड्याच्या विहिरी अजून पुष्कळ आहेत. मुलांना पोहायला शिकवा, पाठीला डबा बांधून, आणि मोठं माणूस पाण्यात असताना.

पायरी दहावी : विंचू, फुरसं, गोचीड

उकाड्यात हे सगळे गारव्याला येतात: लाकडाच्या ढिगात, कौलांच्या चवडीत, गडग्याच्या भेगांत, आणि तुमच्या चपलेत. चप्पल झटकून घाला. रात्री सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी माळावर, चालताना बॅटरी आणि बूट. फुरसं हा विषारी साप, हातभरही नसतं, मातीच्या रंगाचं, डिवचलं की खवले घासून करवतीसारखा आवाज करतं. चावलं तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. पाय फळीला बांधून हलता न राहील असा करा आणि सरळ सरकारी रुग्णालय. प्रतिविष तिथेच मिळतं.

लाल विंचू इथला जुना शत्रू. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी या विषाचा अभ्यास केला आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर चालतं हे दाखवून दिलं. मृत्यू एकदम खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलाला विंचू चावला आणि त्याला उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार असं काही झालं तर मांत्रिकाकडे घालवायला एक मिनिटही नाही.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीच्या बाजूला राहणार असाल तर माकडताप हा शब्द लक्षात ठेवा. २०१६ पासून तिथे तो आढळतो, गोचिडांमधून पसरतो, आणि हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजू वेचायचा. बागेत पूर्ण बाह्या, पाय झाकलेले, आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड पळवणारं तेल, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. ताप आला तर "मी बागेत गेलो होतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

पायरी अकरावी : वळीव

मेच्या मध्याला दुपारी चारनंतर पूर्वेला ढग चढतात. विजा पडतात त्या याच दिवसांत. मोबाइलवर दामिनी ॲप ठेवा, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने काढलेलं आहे, आसपास वीज पडण्याची शक्यता दाखवतं. गडगडाट ऐकू आला की घरात यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. माडाखाली, आंब्याखाली, उघड्या सड्यावर थांबू नका. कपडे काढायला गच्चीवर धावणारे आमच्याकडे दरवर्षी असतात. भिजू द्या ते कपडे.

ढग सरकले, वीज थांबली आणि नुसता पाऊस राहिला की मुलं खळ्यात धावतात. काकी म्हणतात, घामोळ्याला त्या पावसासारखं औषध नाही. औषध आहे की नाही ते मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी मी त्यांना अडवत नाही, आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षी मीही गेले होते.